दोन शिफ्टचं नाटक

आमचे सुपरवायझर नाटकसुद्धा शिफ्टमध्ये बसवत. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि सगळी माणसं एका वेळी जमतात यावरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता. पहिल्या शिफ्टवाल्यांनी संध्याकाळी तालीम करायची, दुसऱ्या शिफ्टवाल्यांनी सकाळी. जाताना वहीत चार्ज द्यायचा: "प्रवेश तीन पूर्ण. वडील वारले. पुढे चालू ठेवावे."

लेखक हा शब्द काढला की त्यांच्या कपाळावर आठी. "लेखक म्हणजे साहेब. केबिनमधून ऑर्डर सोडणार," ते म्हणायचे. नाटक सगळ्यांनी मिळून उभं करायचं आणि नियम एकच, आधीच्या शिफ्टचं काम खोडायचं नाही. कॅम्प चारचे एक सिंधी शेठ पडद्याचं कापड द्यायला आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "साईं, एक शादी का सीन डालो ना. शेरवानी मेरी तरफ से." झालं, तेही कलाकार ठरले. वडील अंथरुणाला खिळलेले असताना आमच्या नाटकात वरात निघू लागली.

मी दुसऱ्या शिफ्टचा वडील. पहिल्या शिफ्टचे वडील वेगळे. ते तिसऱ्या प्रवेशात वारत आणि चौथ्यात मी वांगणीला फ्लॅट बुक करत असे, कारण आमच्यातले निम्मे तेच करून बसले होते आणि नाटक अनुभवातून यावं असा सुपरवायझरांचा हट्ट होता. मी एकदा विचारलं, "सर, मेलेला माणूस फ्लॅट कसा घेणार?"

"तुमचा पार्ट तुम्ही चोख बनवा. असेंब्ली शेवटी असते."

तिसऱ्या प्रवेशात मुलाचं काम ते स्वतः करत. निवृत्तीला महिना उरला होता. "हा एक प्रवेश लोकांसमोर नीट झाला ना, की मी सुटलो," असं ते सारखं म्हणत. आम्हाला तो प्रवेश रटाळ वाटे. त्यात मुलगा नुसता वडिलांचा हात धरून बसतो आणि म्हणतो, "बाबा, मी सुट्टी टाकली." आम्ही कॅन्टीनमध्ये त्याची यथेच्छ नक्कल करायचो.

कामगार नाट्यस्पर्धेच्या दिवशी दोन्ही शिफ्ट प्रथमच एकत्र आल्या. सुपरवायझर पहिल्या शिफ्टच्या वारलेल्या वडिलांचा हात धरून बसले होते. प्रवेश संपला तरी रंगमंचावरचे दिवे जायला उशीर झाला आणि मी ठरल्याप्रमाणे हातात ब्रोशर घेऊन, वडिलांच्या खोट्या मिशीला पीळ देत आत शिरलो. "स्टेशनपासून पाच मिनिटं!" प्रेक्षागृहात हशा फुटला. सुपरवायझर उठले, माझ्याकडे बघत राहिले, आणि पुढे येऊन वाकून माझ्या पाया पडले. हे तालमीत नव्हतं. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. परीक्षकांनी पेनं खाली ठेवली.

मला फार लाज वाटली. विंगेत मी म्हटलं, "सर, माफ करा. तुमच्या प्रवेशाचा विचका केला मी."

ते स्टुलावर बसले होते. म्हणाले, "बाबा गेले तेव्हा मी डबल ड्युटीवर होतो. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं."

"मग सांगायचंत तरी. आम्ही फ्लॅट काढून टाकला असता."

"कशाला? आज पाया पडायला तरी मिळालं."

बाकीचे सगळे मेकअप पुसत होते. ते समोर बसले होते तोवर मी ती मिशी काढली नाही.