पाच निबंध आणि रीडरची जागा

आम्ही कासारवाडीला दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा मी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत असे आणि उरलेल्या वेळात एका प्रश्नाच्या मागे असे : जास्त पैसे दिले तर कामगार जास्त काम करतो का? उत्तरासाठी लांब जावे लागत नव्हते. शेजारीच पिंपरीच्या एका कारखान्यातला टर्नर राहत होता. ठरलेल्या आकड्याच्या वर लेथवर जितके जॉब, म्हणजे सुटे भाग, काढेल तितका त्याला बोनस. तो सांगे, मी टिपून घेई. त्यावर माझे पाच निबंध छापून आले.

एकदा त्याने माझीच चौकशी केली. "मास्तर, एका निबंधामागं काय सुटतं?"

काही नाही, म्हणालो.

"आन् जो काईच लिवत न्हाई, त्याला?"

त्यालाही माझ्याएवढाच पगार.

"मग तुमची युनियन झोपली हाय का?"

आमची संघटना होती, पण तिची सभा गणसंख्येअभावी नेहमी तहकूब होत असे.

त्याच सुमारास विभागात रीडरची, म्हणजे माझ्या वरची, जागा निघाली. उमेदवार दोनच. मी, आणि एक सहकारी, ज्यांचा ग्रंथ मी रुजू झालो त्या वर्षापासून पूर्णत्वाच्या मार्गावर होता. मला ती जागा हवी होती. पगारामुळे तिसरी खोली परवडली असती, आणि टर्नरला तोंड दाखवता आले असते.

मुलाखतीत विभागप्रमुखांनी माझ्या पाचही निबंधांची तोंड भरून स्तुती केली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. निकाल लागल्यावर त्यांनी मला बोलावून चहा पाजला. माझ्या निष्कर्षांचा समितीवर फार प्रभाव पडला, म्हणाले. वेतन वाढले की उत्पादन वाढते, हे मी सिद्धच केले होते.

"आता तुम्हीच सांगा, उत्पादन कोणाचे वाढायला हवे? तुम्ही काय, फुकटातही लिहिता."

युक्तिवाद माझाच होता, तळटिपांसकट.

घरी आल्यावर टर्नरला सारे सांगितले. तो हसेल अशी मी तयारी ठेवली होती; पण त्याने उठून आधी दार लोटून घेतले.

"मास्तर, हे आमच्या सायबाच्या कानावर जाऊ देऊ नका. फुकटात बी माल निघतो म्हनल्यावर आमचा बोनस गेला."

मी शब्द दिला. या प्रकरणावरचा सहावा निबंध छापायला परदेशी पाठवला.