योनाचा मासा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, याबाबत आमच्या ठाकूरद्वारच्या घरात एकमत होतं. भांडण होतं ते एका माशावरून.

गिरगावातल्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उपासनेनंतर मी प्रौढांचा शास्त्रवर्ग, म्हणजे बायबलचा वर्ग, घ्यायचे. मी शाळेत शिकवत होते, म्हणून पाळकसाहेबांनी ते काम माझ्याकडे दिलं होतं. सात-आठ माणसं यायची. त्यांत परळच्या इस्पितळातली एक नर्स होती. योना संदेष्ट्याचं पुस्तक चालू होतं; त्याला मोठा मासा गिळतो, तिथे तिने विचारलं, "बाई, तीन दिवस माशाच्या पोटात माणूस जगेल कसा?"

मी म्हटलं, "दृष्टांतासारखी वाचली तरी चालेल ही गोष्ट. देव शत्रूलाही क्षमा करतो, एवढं तिला सांगायचंय."

मी घरी पोचायच्या आत हे सासऱ्यांच्या कानावर गेलं. ते चर्चच्या पंचांपैकी एक. जेवताना म्हणाले, "आज मासा खोटा. उद्या येशूची कबर रिकामी नव्हती म्हणशील."

"तसं मी कधीच म्हणणार नाही, बाबा."

"मग रेघ कुठे ओढायची ते कोण ठरवणार? तू?"

तेच पुढे बोलले, "या पुस्तकापायी ख्रिस्ती झालेल्या माझ्या बापाने गाव सोडलं. भावांनी त्याला आईच्या मयताला येऊ दिलं नाही. ते काय दृष्टांतासाठी?"

महिनाभर जेवताना हेच. नवरा ताटात बघून जेवायचा आणि हात धुवायला आधी उठायचा.

शेवटी पंचांनी बैठक बोलावली. पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही सांगता ते आम्हीही शिकलोय. पण बाहेर एवढं पेटलंय, आत फूट नको." मग नर्स उभी राहिली. "माझं मूल गेलं तेव्हा सगळे म्हणाले, तुझ्या पापाची शिक्षा. या वर्गात ईयोबाचं पुस्तक वाचलं तेव्हा कळलं, त्याचीही मुलं गेली होती आणि त्याला असं बोलणाऱ्या मित्रांवर देवच रागावला होता."

मग हात वर झाले आणि वर्ग बंद करायचं ठरलं. सासऱ्यांचा हातही वर होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

घरी आम्ही बरोबरच चाललो. हरताळामुळे दुकानं बंद होती. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "दमलीस?"

"हो."

"मीही."

नर्सच्या परळच्या खोलीत आम्ही वर्ग पुन्हा सुरू केला. पण कुणाची पाळी बदलली, कुणी घर बदललं, आणि काही महिन्यांत तिथे आम्ही दोघीच उरलो. चहा पिऊन मी परत यायचे. पुढे तेही थांबलं. या खेपेला कोणी हात वर केला नव्हता.

दोन-तीन वर्षांनी सासऱ्यांना मोतीबिंदू झाला. एका संध्याकाळी त्यांनी पवित्र शास्त्र माझ्यापुढे सरकवलं. "वाच. पण समजावू नकोस."

"काय वाचू?"

"वंशावळी. त्यात वाद नाही."

मग रोज मी ती नावं वाचत गेले, अमक्याचा पुत्र तमका. काही नावांवर जीभ अडखळायची. ती नावं ते डोळे मिटूनच दुरुस्त करायचे.