पहिला भारा थोरलीच्या हातचा

जाफराबादच्या स्टँडवर एसटीतून उतरले, तेव्हा जीपवाला पुढच्या काचेवर चिकटलेले किडे जुन्या पेपरनं खरवडत होता. बोळा फेकून मला म्हणाला, "या आजी, म्होरं बसा." मी बसले. दूध, दही, तूप, मध यातलं मी काहीच खात नाही. पण किडे मेले म्हणून जीप सोडत नाही. चालत गेले असते तर पायाखाली त्याहून जास्त मेले असते, आणि माझे गुडघेही.

दूध सोडलं त्याचं कारण सांगते. आमच्या म्हशीचं रेडकू मेलं. घरधन्यांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं केलं. म्हैस पेंढा चाटत दूध देत राहिली. त्या दुधाचा चहा मी ओतून दिला, तेव्हापासून बंद. पुढं नात म्हणाली, "आजी, याला व्हीगन म्हणतात." म्हटलं, म्हणू दे. संभाजीनगरला आमच्या बिल्डिंगीत मात्र मला देवीच करून टाकलंय. शेजारीण पाहुण्यांना सांगते, "आजी मुंगीसुद्धा मारत नाहीत." माझ्या साखरेच्या डब्याजवळ तिनं एकदा उभं राहावं.

निघाले होते भावाकडे, दगडूकडे. आमच्या घरची रीत अशी की मळणीला पहिला भारा थोरल्या लेकीच्या हातचा. आधी ज्वारीला होती, आता सोयाबीनला लावली. पीक बदललं, मला सुट्टी नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटली होती. मावळतीला आभाळ काळं व्हायला लागलेलं. फाट्यावर उतरून थेट शेतात गेले. कापलेल्या सोयाबीनची सुडी (रचलेला ढीग) ताडपत्रीखाली, शेजारी ट्रॅक्टरला जोडलेलं मळणीचं मशीन.

"आक्का, आलीस का! जल्दी कर," दगडू म्हणाला. "आभाळ बघ. हे मशीनवाले जातो जातो करून राह्यले."

पाणीसुद्धा न पिता ताडपत्री सारली आणि कडेचा भारा उचलला. खाली उंदराचं घरटं. सात-आठ पिल्लं, लाल, डोळे न उघडलेली, शेंगदाण्याएवढी. मी भारा परत ठेवला.

"काय झालं, आक्का? इंचू हाय का?" भावजय कौसानं लांबूनच विचारलं.

"उंदराची पिल्लं."

"मंग?"

"अगं, ती म्हशीला तरास देत न्हाई," दगडू म्हणाला. "उंदराला देईल व्हय?"

मशीनवाला हसला. मी कौसाला म्हटलं, "थाळी आण."

थाळी वाजवत मी सुडीभोवती फेरे घातले. लहानपणी आजी असंच करायची. ज्याला जायचंय त्यानं जावं. चार उंदीर पळाले. मग एक लांबलचक धामण निघाली आणि मशीनवाला ट्रॅक्टरवर चढून बसला. मिशा एवढाल्या, पण खाली उतरेना.

घरटं मी उचलून बांधावर ठेवलं. पाठ वळवते तोच कावळा आला आणि एकेक पिल्लू उचलू लागला. त्याला दगड मारला नाही. त्याला कोण भाकरी थापून देणार?

तेवढ्यात टपटप थेंब पडले. कौसा ताडपत्री ओढायला धावली. दगडू माझ्याजवळ आला. आता थट्टा करत नव्हता.

"आक्का, भिजलं तर वरीसभराचं काळं पडंल. पण तुझ्या हाताबिगर मी मशीन लावायचो न्हाई."

"म्हणजे मारायचं ते माझ्याच हातून."

"रीत हाय."

"पोटात अजून असतील रे. सुडीच्या."

"असतील की. मी न्हाई म्हणलो का?"

खोटं बोलला असता तर मी रागावून घरी निघून गेले असते. म्हटलं, "बराबर. लाव."

मशीन घरघरलं. मी भारा उचलला आणि आत टाकला. डोळे मिटले नाहीत, माफीही मागितली नाही. उंदराला माफी काय कामाची? माझंच मन हलकं झालं असतं, एवढंच. मग सगळे भारे देत राहिले. शेवटचं पोतं घरात गेलं आणि पाऊस कोसळला.

जेवायला भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत.

"तुमच्या भरताला तूप लावलं न्हाई," कौसा म्हणाली. "किडकी वांगी पण काढली बरं का."

"किडे कुठं टाकले?"

"कोंबड्यांना."

दोघी ठसका लागेपर्यंत हसलो.

परतताना दगडूनं पिशवीभर सोयाबीन दिलं. संभाजीनगरला आल्यावर सुपात घेऊन निवडलं. त्यात एक शेपटी निघाली, वाळलेली, काडीसारखी. ती कुंडीत पुरली, सोयाबीन भिजवलं, वाटलं, गाळलं आणि त्या दुधाचा चहा केला.

शेजारीण आलीच. कप हातात घेऊन म्हणाली, "आजी, तुमच्या चहात कुणाचाच जीव गेलेला नाही. किती बरं वाटतं!"

"गेलेत की," मी म्हटलं. "काही तर माझ्याच हातानं. रेडकू तेवढं नाही त्यात."

तिनं कप खाली ठेवला. मी तो पुन्हा तिच्या हातात दिला.

"प्या. मेलेत ते मेलेत, आता वाया घालवू नका."