बुलडाण्याच्या बंगल्यातली विलायती शेगडी

साहेबाच्या बंगल्यावरचे किस्से खरकट्या भांड्यांसारखे साठतात. संपले म्हणावं तर नवा ढीग तयार! बुलडाण्याच्या बंगल्यात मी मडमेची आया होते. माझे निम्मे किस्से एकाच शेगडीचे.

विलायतेत साहेबाच्या गावच्या थोरल्या घरात खोलीखोलीत अशा शेगड्या. त्यातली एक त्याच्या आईनं लेकाला पाठवली. मलकापूर स्टेशनापासून बैलगाडीनं घाट चढून आली. देऊळघाटच्या गाडीवानानं खोकं उतरवत विचारलं, "आत काय हाय वं बाई?"

"शेगडी."

"आँ! माह्या घरची तीन दगडाची चूल तं जागेवरच भेटली मले!"

पण होती देखणी. लोखंडी जाळी, सिंहाचे पाय, दोन्ही बाजूंना पितळी कलश अन् त्यांवर फुलांचे हार कोरलेले. दुसऱ्या सकाळी पाहते तर कलशांना हळदकुंकू! गणपत माळ्याचं काम. मडम म्हणाली, "ये कैसा कलर?"

गणपत म्हणाला, "हार घातला अन् कुंकू काऊन नाही? बरं दिसते का ते?"

मडमेला पटलं. पुढं दर शुक्रवारी तीच हाक मारायची, "गणपत, कलर!"

साहेबाला आगीचा भारी शौक. दिवाळी सरली नाही तोच शेगडी पेटवली. घामाघूम झाला, तेव्हा पंखा ओढायची ऑर्डर दिली. पुढं आग, मागं पंखा! पंखेवाला म्हणाला, "हुजूर, दोनातलं एक बंद करा. तुमी म्हणसान तं पंखा बंद कराले मी राजी हाव!"

खानसाम्यानं एकदा तिच्यात भरताची वांगी भाजायला घातली. नेमका साहेब आला. खानसामा घाईघाईनं म्हणाला, "हुजूर, शेगडी चालते का नाही, पाहून राह्यलो."

साहेबानं वास घेतला. "चलती है. और एक डालो!"

पौषात मडम बाळंत झाली. मुलगी. मडमेला हुडहुडी भरली, डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरचं औषध झालं, गुण नाही. नुसती आईच्या नावानं रडायची. बाई हातची जाते की काय, असं मला वाटायला लागलं. मी चिखलीहून माझ्या आईला बोलावलं.

आईनं भरदुपारी मडमेची खाट शेगडीपुढं ओढली, अंगाला तेल चोळलं, निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकला. धुरात खोली दिसेना! साहेब धावत आला, "आग! आग!"

आईनं त्याला दारातच अडवलं. "हळू बोला, साहेब. झोपली माही लेक."

साहेब डोळे पुसत उभा राहिला. धुरानं, म्हणे!

"कितने दिन?"

"सव्वा महिना."

"और हम?"

"तुमी बाहीर."

त्याच आठवड्यात अमरावतीहून मोठा साहेब आला. बघतो तर आमचा साहेब कडाक्याच्या थंडीत व्हरांड्यात, घोंगडं पांघरून फायली चाळत बसलेला.

"एवढा बंगला असताना बाहेर कशाला?"

आमचा साहेब उठून उभा राहिला अन् हळूच म्हणाला, "आत शेगडी पेटली आहे, सर!"