रेणू दिसणारे इवाई

दोन हजार तेवीस साल, मी एकाहत्तर वर्षांचा. एवढ्या आयुष्यात भुतं दिसणारी माणसं पाहिली, देव दिसणारी पाहिली. पण ज्याला जिथं तिथं रेणू दिसतात असा सबंध जालना जिल्ह्यात एकच माणूस, अन् तो नेमका माझ्या नशिबी आला. माझ्या सुनेचे वडील, म्हणजे माझे इवाई. जालना शहरात मस्तगडला राहायचे. रसायनशास्त्राचे मास्तर, शाळा सुटली, शिकवणं सुटलं न्हाई. आमच्या शहागडला जेवायला आले की रश्श्यावरच्या तर्रीकडं बघत बसायचे. "बघा इवाई, तेलाच्या रेणूत एका बाजूची ओढ उरत नाही, म्हणून पाणी त्याला जवळ करत नाही." तोवर भाकरी थंड, रस्सा थंड अन् माझं डोकं गरम.

मी तिसरी पास. पण न कळता मान हलवणं माझ्या रक्तात न्हाई. "पाण्याचा रेणू वाकडा असतो," असं ते एकदा म्हणले. मी म्हणलो, "गोदावरीकाठी जल्म गेला माझा. मला पाणी नका शिकवू." झालं! मला अंगणात उभं केलं अन् माझ्या दोन पोरांना दोन बाजूंनी माझे हात धरायला लावले. "इवाई, तुम्ही कार्बन. पोरं ऑक्सिजन. ओढा रे, सरळ, बराबर!" मी जागचा हललो न्हाई, खांदे तेवढे निखळायचे राह्यले. "दोन्ही बंधांत ओढ आहे, पण एक दुसरीला खाऊन टाकते. आता तुम्ही गंधक, पाण्यासारखाच वाकडा रेणू! पोरांनो, दोघंही थोडे पुढं सरका अन् ओढा." मी थेट शेणाच्या पाटीत. इवाई टाळ्या वाजवून राह्यले. "शाब्बास! आकार वाकला की ओढ एका बाजूला उरते. झालात की नाही ध्रुवीय?" माझं धोतर काय झालं ते त्यांनी विचारलं न्हाई.

तेवीस सालीच विहीणबाई वारल्या अन् इवाई एकटे पडले. त्यांचा मुलगा म्हणे पुण्याला या, आमची सून म्हणे शहागडला या. हे दोघांनाही "येतो, येतो" म्हणायचे अन् चहा-टोस्टवर दिवस काढायचे. सून भाकरी थापता थापता डोळे पुसायची. शेवटी मीच मस्तगडला गेलो. दारातूनच म्हणलो, "चला, पिशवी भरा."

"इवाई, दोन लेकरं, दोन दिशा. ओढ बराबर आहे. कसा हलणार मी?"

"मंग एकाला वाकवू. लावा फोन पोराला."

पोराला बिलकुल सरळ सांगितलं, "बाबा रे, तुझे वडील सुकून चालले. तूबी त्यांना शहागडलाच ओढ. सुट्टीत तू इकडं येत जा." तो म्हणला, "बाबांना सांगा, ताईकडे जा. मी येत जाईन."

"वाकला का न्हाई आकार?" मी म्हणलो. "आता पडा आमच्या अंगावर."

मला वाटलं, माझ्या चुका काढत तासभर शिकवतील. पण इवायांनी पहिल्यांदाच काही समजावून सांगितलं न्हाई. दोरीवरचा सदरा काढला, घडी घातली, उकलली, पुन्हा घातली. "उद्या दुपारी येतो," एवढंच म्हणले.

आमच्या ओसरीवर माझ्या खाटेशेजारी आजवर मी कुणाची खाट पडू दिली न्हाई. सख्ख्या भावालाबी आत झोपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, माझी खाट भिंतीकडं सरकवली अन् शेजारी दुसरी टाकली.