परक्या समुद्राला नारळ
काल घोडपदेवला शेजाऱ्यांच्या नव्या स्कूटरपुढे नारळ फुटला आणि मी दचकलो. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गेलो होतो, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. आमची छोटी बोट निघाली आणि धुक्यात किनारा लगेच दिसेनासा झाला. तेवढ्यात मागे पाण्यात काहीतरी धपकन पडलं. वळून बघतो तर आईची जागा रिकामी! मी किंचाळलो, नावाड्याने इंजिन बंद केलं, आणि मी काठावरून वाकून त्या काळ्या, गारठलेल्या पाण्यात आईला शोधू लागलो. मग केबिनच्या मागून आईचा आवाज आला, "ओरडतोस काय रे? लालबागहून आणलेला नारळ सोडला. समुद्र परका म्हणून त्याला मान द्यायचा नाही?" ती हात जोडून उभी होती. काल ती माझ्या शेजारीच होती, तरी नारळ फुटताच मी तिचा हात घट्ट धरला.