फणसाला घातलेलं गाऱ्हाणं

कांजूरमार्गच्या आमच्या बैठ्या घरापुढे वडिलांनी गावाहून आणलेला फणस लावला होता. दर मे अखेरीस ते त्याच्या बुंध्याशी माती आणि सुक्या पानांचा पातेरा ओढायचे. ते गेले आणि ते काम कुणीच अंगावर घेतलं नाही. दोन-तीन पावसाळ्यांत माती वाहून मुळं उघडी पडली. आई मात्र दुपारची त्याच मुळांवर बसून भाजी निवडायची. घरात तिची म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

भावाला ती मुळं तोडून तिथे स्कूटर लावायची होती. तोंडाने म्हणायचा, "आई मुळांत पाय अडकून पडली तर कोण निस्तरणार?"

मी म्हटलं, "चार पाट्या माती टाक ना रे. मुळं तोडलीस तर झाड मरेल."

"तुला काय जातंय? सासरी बसून अक्कल शिकवू नको."

आईने एकच सांगितलं, "झाडाक हात लावू नको."

भाऊ देवाला भिणारा, आईला नव्हे. एका रविवारी त्याने सगळ्यांना फणसापाशी गोळा केलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या झाडाक हात लावतंव, चुकलामाकला पदरात घे. झाडाचा बरा कर, घराचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. आईसुद्धा. आमच्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं की तोंड आपोआप उघडतं, काय मागितलं ते कोण ऐकतो!

नारळ फुटला आणि लगेच मुळांवर कुऱ्हाड पडली. आई धावली, तर हा म्हणतो, "आता काय? सगळ्यांसमोर तूच व्हय म्हटलंस ना?" चोर तो चोर, वर शिरजोर. आई घरात गेली. संध्याकाळपर्यंत बुंध्यापर्यंत सिमेंटचा कोबा झाला होता.

पुढच्या वर्षी कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, काळ्या पडून गळल्या, मग पानं. आता नुसता खराटा उभा आहे आणि खाली स्कूटर. भावाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही.

यंदा गणपतीत तो गाऱ्हाण्याला उभा राहिला. आईला उदंड आयुष्य दे, म्हणाला. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. आईने ओठ मिटून घेतले.

"बोल ना गं आई, तुझ्यासाठीच मागतोय."

आई म्हणाली, "झाडाचापण 'बरा कर' असाच मागितलंस तू."